इंग्लंडचा माळा : ऑरफर्ड नेसला चार दिवस

दादा इप्सविचला असतो. यंदा बाबा पहिल्यांदाच त्याच्याकडे आले आणि मीही सप्टेंबरमध्ये सुट्टी काढून पोचले. लंडनचं जे काय बघायचं असतं ते दोन दिवसांत उरकलं आणि तिसऱ्या दिवशी नाश्त्याला बाबा म्हणाले, ते ६४८ वालं ठिकाण इथून जवळ आहे ना? दादाला काही कळेना, मला थोडं कळलं. बाबांची सगळी नोकरी आकाशवाणीत, मीडियम वेव्हच्या ट्रान्समीटरवर गेली आणि या धंद्यातल्या लोकांना जगातले मोठे मोठे टॉवर तीर्थक्षेत्रांसारखे पाठ असतात. बीबीसी वर्ल्ड सर्व्हिस ६४८ किलोहर्ट्झवर युरोपला ऐकू जायची ती सफोकच्या किनाऱ्यावरच्या ऑरफर्ड नेसवरून. दादाच्या घरापासून गाडीने तासाभराच्या आतच. तो सहा वर्षं तिथे राहतोय आणि एकदाही गेला नव्हता, हे वेगळं सांगायला नकोच.

आधी हे ठिकाण काय आहे ते सांगते. ज्यांनी तारकर्ली-देवबाग बघितलंय त्यांना लगेच कळेल. तिथे कर्ली नदी समुद्राच्या अगदी जवळ येते पण मिळत नाही, मधे वाळूचा लांब दांडा आडवा येतो आणि नदी त्याच्या आतल्या बाजूने चालत राहते. इथे तेच, फक्त वाळूऐवजी गोटे. गारगोटीचे, लिंबापासून बटाट्याएवढे, कोट्यवधी. लांबी साधारण १६ किलोमीटर. अशा गोट्यांच्या दांड्यावर झाडोरा सहसा टिकत नाही, इथे टिकलाय, म्हणून युरोपातला अशा प्रकारचा सगळ्यात मोठा दांडा म्हणून याचं नाव घेतात.

पहिला दिवस : ऑल्डबरा

दांडा जिथे सुरू होतो ते गाव. इथला किनारा म्हणजे सगळे गोटेच, त्यामुळे वाळूत पाय सोडून बसू वगैरे कल्पना असेल तर सोडून द्या. बंदर नाही म्हणून होड्या सरळ गोट्यांवर ओढून ठेवतात आणि बाजूच्या काळ्या लाकडी टपऱ्यांत त्याच दिवशीचे मासे विकतात. मूट हॉल नावाची सोळाव्या शतकातली छोटी कौलारू इमारत आहे, ती पूर्वी गावाच्या मध्यावर होती म्हणे, आज ती जवळजवळ किनाऱ्यावर आहे. इमारत हलली नाही, मधलं गाव समुद्राने खाल्लं.

तिथून दक्षिणेला चालत गेलो की स्लॉडन. इथे पूर्वी मच्छीमारांची वस्ती होती, जहाजं बांधायचे, आता त्यातलं काही नाही, सगळं पाण्यात गेलं. नेपोलियनच्या भीतीने बांधलेला मार्टेलो टॉवर तेवढा उभा आहे. वरून बघितलं तर चार पाकळ्यांच्या फुलासारखा, आणि त्याच्यात आता लोक सुट्टीला राहतात.

इथेच खरी गंमत आहे. डाव्या हाताला समुद्र, उजव्या हाताला ऑल्ड नदी. बाबांनी पावलं मोजली, एका पाण्यापासून दुसऱ्या पाण्यापर्यंत शंभरेक भरली. इतक्या जवळ येऊन नदी समुद्राला मिळत नाही, तिथून दक्षिणेला वळते आणि पुढचे पंधरा-सोळा किलोमीटर दांड्याला घासून चालते, वाटेत नाव पण बदलते, ऑल्डची ओर होते.

बाबांना किनाऱ्यावर विटेचा एक तुकडा सापडला. लाल, कडा झिजून साबणाच्या उरलेल्या वडीसारखा गोल झालेला. तो त्यांनी पाण्याच्या रेषेवर ठेवला आणि आम्ही तिघं बघत उभे. लाट ईशान्येकडून तिरकी आली, तुकडा तिरका वर ढकलला गेला, परतताना मात्र उतारावरून सरळ खाली. पुन्हा तिरका वर, पुन्हा सरळ खाली. सात-आठ लाटांत तो हातभर दक्षिणेला सरकला होता आणि मग एका मोठ्या लाटेनंतर दिसलाच नाही. बाबा म्हणाले, "बघ, असाच झालाय अख्खा दांडा. गोटा गोटा करत चालत गेलाय." दादा म्हणाला, चला, भूक लागली.

फिश अँड चिप्स घ्या, पण समुद्राकडे तोंड करून उघड्यावर खाऊ नका. सीगल मागून येतो. माझा निम्मा मासा गेला.

दुसरा दिवस : जायचं होतं एकीकडे

नेसवर जायचं बुकिंग आजचं होतं. ते आता नॅशनल ट्रस्ट या ऐतिहासिक जागा जपणाऱ्या संस्थेकडे आहे, ऑरफर्डच्या धक्क्यावरून त्यांची बोट जाते. आम्ही वाटेत रेंडलशमच्या जंगलात असताना मेसेज आला, वाऱ्यामुळे आजच्या फेऱ्या रद्द. जंगलातच गाडी थांबवून फोनाफोनी, आणि नशीब म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या तीन जागा मिळाल्या. (हे तेच रेंडलशम, १९८० च्या डिसेंबरात अमेरिकन हवाई तळावरच्या सैनिकांना झाडांमागे उडती तबकडी दिसली ते. शंकेखोर लोकांचं म्हणणं असं की ते ऑरफर्ड नेसच्या दीपगृहाचा फिरता झोत बघत होते. वहिनीचा तबकडीवर विश्वास आहे त्यामुळे घरी हा विषय बंद आहे.)

मग ऑरफर्ड गावच बघितलं आणि ते बरंच झालं. दुसऱ्या हेन्रीने ११६५ ते ११७३ मध्ये बांधलेला किल्ला आहे, खर्च १,४१३ पौंड, हिशोब अजून शिल्लक आहे. आपल्या किल्ल्यांची सवय असेल तर पहिल्यांदा वाटतं एवढाच? एकच बुरूजवजा उंच इमारत. पण आत जिने, खोल्या, चुली, भिंतीत कोरलेल्या मोऱ्या सगळं जागच्या जागी, आणि गच्चीवर गेलं की अख्खा दांडा नकाशासारखा समोर. ही गच्ची चुकवू नका. आधी वरून बघितलं की दुसऱ्या दिवशी तिथे चालताना आपण कुठे आहोत ते कळतं.

किल्ला बांधला तेव्हा दांडा एवढा लांब नव्हता, याच गावाच्या आसपास संपायचा. त्याच्या आडोशाला जहाजं सुरक्षित थांबायची, त्यावर ऑरफर्ड श्रीमंत झालं. मग दांडा वाढतच गेला, गावासमोरून पुढे सरकला आणि समुद्राची वाट लांब होऊन बंदर आटलं. म्हणजे ज्याने दिलं त्यानेच नेलं. कोळ्यांच्या जाळ्यात एक केसाळ जलमानव सापडला, त्याला या किल्ल्यात कोंडून ठेवला, तो कच्चे मासे पिळून खायचा, बोलायचा मात्र नाही आणि शेवटी समुद्रात निघून गेला, अशी गोष्ट १२०० च्या सुमाराच्या बखरीत आहे. बाबा म्हणाले, बोलला नाही म्हणून सुटला.

जेवायला गावातल्या जुन्या ठिकाणी धुरावलेला बांगडा आणि कालवं. कालवं जवळच्याच खाडीतली, कच्ची, वर लिंबू. बाबांनी एक तोंडात टाकलं, बराच वेळ काही बोलले नाहीत आणि मग म्हणाले, चांगलंय, पण थोडा कांदा-खोबरं लावून परतलं असतं तर काय बिघडलं असतं? बांगडा मात्र दोनदा मागवला.

संध्याकाळी वारा पडला. धक्क्यावर बसलो होतो, बाबांनी पिशवीतून ट्रान्झिस्टर काढला (हो, पुण्याहून आणला होता, कपड्यांत गुंडाळून) आणि काटा ६४८ वर नेला. बीबीसीने २०११ मध्ये इथलं प्रसारण बंद केलं, आता त्याच फ्रिक्वेन्सीवर रेडिओ कॅरोलाईन लागतं. हे म्हणजे १९६४ मध्ये इथून थोडं दक्षिणेला, फेलिक्स्टोच्या समोर जहाज नांगरून सरकारला न जुमानता गाणी लावणारं पायरेट, म्हणजे समुद्री चाच्यांसारखं रेडिओ स्टेशन. आज ते रीतसर परवाना घेऊन बीबीसीच्याच जुन्या जागेवरून वाजतंय. समोर नदीपलीकडे टॉवर आणि हातात त्याचा आवाज, एकदम खणखणीत. बाबा टॉवरकडे असं बघत होते जसं आपण बदली होऊन गेलेल्या सहकाऱ्याकडे बघतो.

तिसरा दिवस : नेस

बोटीचं अंतर काही मिनिटांचं. उतरल्यावर कर्मचारी सगळ्यांना उभं करून सांगतात, आखलेली वाट सोडायची नाही, धातूचं काही दिसलं तर हात लावायचा नाही, कारण अजून न फुटलेले बॉम्ब सापडतात. हे ते इतकं सहज सांगतात की आपण आधी हसतो, मग हसू थांबतं.

गावातले लोक याला नेस म्हणतच नाहीत, बेट म्हणतात. खरं तर जमिनीला जोडलेलं आहे, पण इतकी वर्षं कोणाला जाऊच दिलं नाही त्यामुळे बेटच. युद्धखात्याने १९१३ मध्ये ही जागा घ्यायला सुरुवात केली. पहिल्या महायुद्धात इथल्या दलदलीतून पाणी काढून विमानतळ केला, विमानावर मशीनगन कशी बसवायची, बॉम्ब नेम धरून कसा टाकायचा, पॅराशूट कसं उघडतं, सगळे प्रयोग इथे. एका बांधाला चायनीज वॉल म्हणतात, तो त्या वेळी आणलेल्या चिनी मजुरांनी घातला. आता त्या धावपट्टीच्या जागी गवत, मेंढ्या आणि ससे. आपल्याकडच्यासारखे नाहीत, चांगले थोराड, कान वर करून उभे राहिले की लांबून हरणाचं पिल्लू वाटतं.

मे १९३५ मध्ये रॉबर्ट वॉटसन-वॉट आणि त्यांची छोटी टीम इथल्या जुन्या लाकडी खोल्यांत येऊन राहिली, जूनमध्ये त्यांनी रेडिओ लहरींनी सतरा मैलांवरचं विमान पकडलं. रडारची सुरुवातीची महत्त्वाची कामं इथली. पुढच्या वर्षी ते जवळच बॉड्सीला हलले. बाबा त्या खोल्यांसमोर बराच वेळ उभे होते, तिथे बघण्यासारखं खरं तर काहीच नाही.

मग स्टोनी डिच नावाची खाडी लोखंडी बेली ब्रिजवरून ओलांडली आणि एकदम रंगच गेला. अलीकडे हिरवं, पलीकडे नुसता खडा. आकाश मोठं, वारा कानात, आणि मधे मधे काँक्रीटचे सांगाडे. पायाखाली करकर करकर, एक पाऊल टाकलं की अर्धं मागे. बघायला सपाट वाटतं पण नीट बघितलं तर बारीक लाटा लाटा आहेत, एकामागे एक वरंबे, शेतातल्या सरींसारखे. प्रत्येक वरंबा म्हणजे कधीतरी एका वादळाने फेकलेल्या गोट्यांची रेष. त्यावर दर काही फुटांवर झुडपं. सी केल, म्हणजे कोबीच्या खानदानातलं जाडजूड पानांचं, पिवळी पॉपी जिच्या शेंगा वीतभराहून लांब असतात, आणि सागरी वाटाणा. १५५५ च्या दुष्काळात इथली माणसं हा वाटाणा खाऊन तगली असं सांगतात. मी खाली वाकून बघितलं, शेंग वाळून काळी पडलेली, आत चार दाणे मिऱ्याएवढे, बाजूला गोट्यांत अडकलेलं सशाचं लेंडूक. दुष्काळात पोट भरायला असे किती वेचावे लागले असतील.

वाट सोडू नका हे बॉम्बसाठी जितकं, तितकंच या झुडपांसाठी. लष्करी गाड्यांच्या चाकोऱ्या कित्येक दशकांनंतर अजून दिसतात. वाळूवर पाऊल पुसलं जातं, इथे वरंबा एकदा मोडला की मोडला.

बॉम्ब बॅलिस्टिक्स बिल्डिंगच्या गच्चीवर जाता येतं. विमानाने समुद्रात बॉम्ब टाकायचा आणि तो कसा पडतो त्याची इथून मापं घ्यायची. तिथे एक आजोबा स्वयंसेवक होते, थर्मास घेऊन बसलेले. दीपगृह कुठे होतं ते त्यांनी दाखवलं. १७९२ चं, लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं. समुद्र इतका जवळ आला की २०१३ मध्ये दिवा बंद केला आणि २०२० मध्ये ते उतरवलं. आजोबा दर वर्षी येतात, म्हणाले आधी दीपगृहासमोर पिकनिकची सतरंजी घालायला जागा असायची, मग उभं राहायला, मग तीही नाही. त्याच गोट्यांनी बांधलेली जागा, तेच गोटे लाटा आता उचलून पुढे नेतायत.

पुढे अणुबॉम्बचा भाग. १९५३ ते १९७१ अणुशस्त्र संशोधनवाले इथे होते. बॉम्ब फोडायचे नाहीत, छळायचे. म्हणजे विमानातून नेताना हादरे बसतील, गारठा लागेल, तापेल, गरकन फिरेल, तर तो भलत्या वेळी फुटणार नाही ना हे बघायचं. हादरे द्यायची मशिनं, भट्ट्या, सगळं या खोल्यांत. अणुइंधन आत नसायचं असं सरकार सांगतं, साधं स्फोटक मात्र असायचं. लॅब एक १९५६ ची, आत डोकावलं तर छप्पर नाही, खाली हिरवं पाणी, भिंतीवर गंजाचे ओघळ आणि त्या पाण्यात आकाश. वरच्या लोखंडी पट्टीवर कबुतर.

आणि पॅगोडा. ऑरफर्डच्या सगळ्या फोटोत जे दिसतात ते. लांबून खरोखर बौद्ध देऊळ वाटतं. चारी बाजूंनी खांब, त्यावर अवजड काँक्रीटचं छप्पर आणि छपरावर टनावारी गोटे, इथलेच. आत स्फोट झालाच तर वायू खांबांमधून बाहेर जायचा आणि छप्पर खाली बसून सगळं गाडून टाकायचं, अशी रचना. आत फक्त गाईडबरोबर आणि ठरावीक दिवशी सोडतात, आम्ही लांबूनच बघितले. नॅशनल ट्रस्टने १९९३ मध्ये ही जागा घेतली तेव्हा ठरवलं की बहुतेक इमारती डागडुजी न करता पडू द्यायच्या. पहिल्यांदा मला तो आळस वाटला. तिथे तासभर फिरल्यावर वाटलं की रंग देऊन चकचकीत केलं असतं तर फार वाईट दिसलं असतं.

बाबांचं लक्ष मात्र उत्तरेकडच्या राखाडी ठोकळ्यावर. कोब्रा मिस्ट. अमेरिका आणि ब्रिटनने मिळून क्षितिजापलीकडचं बघणारं रडार बांधलं, अँटेनांचा पंखा जमिनीवर पसरलेला, १९७१ च्या सुमारास सुरू केलं आणि १९७३ मध्ये बंद, कारण त्यात गोंगाट यायचा आणि तो कुठून येतो हे कोणालाच सापडलं नाही. एवढा पैसा, एवढी डोकी. बाबांना हे फार आवडलं. "आमच्याकडे गोंगाट आला की पहिला संशय उंदरावर," म्हणाले. पुढे त्याच जागेत बीबीसीचं ६४८ आलं, १९८२ ला.

डबा उघडला तेव्हा बाबा म्हणाले, "हा म्हणजे यांचा माळा आहे गं. घरात ठेवायला नको वाटतं, टाकवतही नाही, ते सगळं माळ्यावर." पोळीचा घास घेऊन पुन्हा, "फक्त या माळ्याला पाय आहेत."

काही उपयोगाच्या गोष्टी, कारण आम्हाला कोणी सांगितल्या नव्हत्या. नेस ठरावीक दिवशीच उघडं असतं, एप्रिल ते ऑक्टोबर धरून चाला, बोटीचं आधी बुक करा, आणि शक्य असेल तर हाताशी एक जास्तीचा दिवस ठेवा. खायला-प्यायला काही मिळत नाही, सगळं बरोबर न्या. कुत्रा चालत नाही. दुर्बीण असेल तर न्याच. जाड तळव्याचे बूट, आणि कितीही ऊन दिसलं तरी विंडचीटर. गुडघे दुखत असतील तर आधी फोन करून विचारा, आम्ही नऊएक किलोमीटर चाललो आणि बाबांनी रात्री गुपचूप बाम लावला. ऑरफर्डला रेल्वे नाही, गाडी नसेल तर जवळच्या स्टेशनवरून टॅक्सी आधीच ठरवा.

परतीच्या बोटीतून दक्षिणेला हॅवरगेट बेट दिसलं. युद्धाच्या काळात तिथे पाणी शिरलं, आणि त्या उथळ पाण्यात १९४७ मध्ये अॅव्होसेट पक्षी अंडी घालायला परत आले, इंग्लंडमधून गेल्याला शंभर वर्षं झाली होती. वर वळलेल्या चोचीचे काळे-पांढरे. आम्हाला सात दिसले. दादा म्हणतो पाच.

चौथा दिवस : शिंगल स्ट्रीट

दांड्याचं शेपूट जिथे संपतं त्याच्या समोरच्या काठावरची वस्ती. एका ओळीत काही घरं, समोर गोटे, बस्स. दुकान नाही, हॉटेल नाही, पाणी घेऊन जा. १९४० मध्ये ही अख्खी वस्ती रिकामी केली होती, आणि जर्मन इथे उतरायला आले, समुद्रात जाळले गेले अशा अफवा नंतर कितीतरी वर्षं चालल्या.

गोट्यांवर पांढऱ्या शिंपल्यांची एक लांब रेष दिसते, घरांपासून पाण्याच्या दिशेने. कॅन्सरमधून बऱ्या होत असलेल्या दोन मैत्रिणी २००५ मध्ये इथे आल्या, बसल्या बसल्या शिंपले ओळीने मांडले आणि दर वर्षी येऊन वाढवत राहिल्या. वादळाने मोडली की पुन्हा मांडतात, येणारे-जाणारेही मांडतात. मी दोन ठेवले.

इथे ओर नदी शेवटी समुद्राला मिळते. तोंडाशी पाणी उकळल्यासारखं, भरती-ओहोटीचा ओढ भयंकर, पोहायचा विचारही नको. बाबा पलीकडच्या टोकाकडे बघत म्हणाले, परवा शंभर पावलांवर होती, आणि बिचारीला इथवर यावं लागलं.

मग ते पाण्याच्या रेषेने खाली बघत चालत सुटले. दहा मिनिटांनी हात वर. विटेचा तुकडा. लाल, झिजलेला, पहिल्याहून अजून गोल.

"पोचली बघ."

दादा म्हणाला, "बाबा, कोणाच्या तरी बार्बेक्यूची असेल."

"असू दे," बाबा म्हणाले, आणि ती पाण्यात टाकली, पण आधी उजव्या बाजूला, म्हणजे दक्षिणेला, दोन पावलं जाऊन.